सेंडाईत ६२ पत्र्यांचं शिरस्त्राण बघताना

पहिल्या खेपेला फजिती झाली. तोक्योहून हायाबुसा शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीड तासात सेंडाई गाठलं, शहराच्या संग्रहालयात शिरलो, तर हे शहर वसवणाऱ्या दाते मासामुने या सरदाराचं चिलखत त्या दिवशी मांडलेलंच नव्हतं! अशा जुन्या वस्तू बारा महिने उजेडात ठेवत नाहीत. वेबसाइट बघायचा आळस माझाच. तेव्हा तारीख आधी तपासा, सोमवार टाळा आणि हायाबुसाचं रिझर्वेशन करूनच निघा.

दुसऱ्या खेपेला दर्शन घडलं. गर्दी असते ती शिरस्त्राणाच्या कपाळावरच्या सोनेरी चंद्रकोरीपुढे. तिची टोकं सारखी नाहीत. घालणाऱ्याच्या उजवीकडचं आखूड आहे, तलवार उगारताना अडू नये म्हणून, असं सांगतात. फोटो काढून लोक पुढे सरकतात. तुम्ही मात्र बाजूला जा आणि जरा वाका.

खरी कारागिरी कोरीच्या मागे आहे. डोक्यावरच्या भागाला जपानीत ‘हाची’, म्हणजे चक्क वाडगा म्हणतात. पण तो एका पत्र्याचा ठोकून केलेला नाही. खाली रुंद, माथ्याकडे निमुळते असे ६२ लोखंडी पत्रे कडेवर कड चढवून रिव्हेटने जोडलेत. प्रत्येक पत्र्याची एक कड उभी दुमडलेली, त्यामुळे खरबुजासारख्या रेषा उठून दिसतात. अशा रेषांच्या शिरस्त्राणाला ‘सुजी काबुतो’ म्हणतात. रिव्हेटची डोकी ठोकून सपाट केलेली आणि वर काळी उरुशी, त्यामुळे शोधूनही सापडत नाहीत. (उरुशी हा झाडाचा चीक. आपली लाख किड्याची, ही वेगळी.) जपानच्या दमट हवेत लोखंड गंजू नये याची सोयही तिनेच होते.

सगळे पत्रे माथ्यावरच्या ‘तेहेन’ या भोकाशी येऊन मिळतात. फार पूर्वी त्यातून टोपीसकट शेंडी वर काढत. पुढे आत कापडी अस्तर आलं आणि भोक शोभेपुरतं उरलं.

मला सगळ्यात आवडला तो मानेवरचा ‘शिकोरो’. आपल्याकडच्या शिरस्त्राणाला मागे कड्यांची जाळी लोंबते. इथे दोऱ्यांनी ओवलेल्या आडव्या पट्ट्या आहेत. त्या एकमेकींवर सरकतात, म्हणून मान झाकलेली राहूनही वळते.

थेट संग्रहालयात जायचं तर तोझाई मेट्रोने कोकुसाई सेंटरला उतरा, तिथून थोडंच चालायचंय. वेळ असेल तर स्टेशनवरून लूपल ही पर्यटकांची बस घ्या. ती एकाच दिशेने फिरते, म्हणून वाटेत आधी लागणारी मासामुनेची समाधी, झुइहोदेन, अगोदर उरकून घ्या. दगडी पायऱ्या बऱ्याच आहेत, बूट चांगले हवेत. १९७४ साली ही कबर उघडली तेव्हा त्याची उंची १५९.४ सेंमी निघाली. एवढी मोठी कोर कशाला, ते मला तिथे उमगलं!

जेवायला सेंडाईत जिकडेतिकडे ग्युतान, म्हणजे गाईची जीभ. ते चालत नसेल तर स्टेशनवर हिरव्या सोयाबीनच्या गोड वाटणातली झुंदा मोची, म्हणजे तांदळाचे मऊ गोळे, मिळते. दोन प्लेट मागवा, एक पुरत नाही.