निर्यातबंदी उठवा म्हणून ग्रामसभेत ठराव केला, त्याचा माझा अनुभव

आमचं गाव नाशिक जिल्ह्यातलं, सगळा संसार कांद्यावर. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यातबंदीचं नोटिफिकेशन काढलं, ८ तारखेपासून लागू, ३१ मार्च २०२४ पर्यंत. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतंच, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (म्हणजे त्याच्या खालच्या भावात बाहेर पाठवायचा नाही), आणि मग थेट बंदी. चांदवडला मुंबई-आग्रा हायवेवर रास्ता रोको झाला, बाजार समितीतले लिलाव बंद पडले, परत सुरू झाले तोवर भाव पार कोसळलेला. उन्हाळी कांदा असता तर चाळीत टाकून थांबलो असतो, पण या दिवसात निघतो तो लाल कांदा, तो टिकत नाही, मिळेल त्या भावात द्यावाच लागतो. आमच्या ट्रॉलीची पट्टी (विक्रीचा हिशोब) हातात आली त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं, काढणीची मजुरी वजा केली तर औषध-खताची उधारी पण फिटत नव्हती.

आंदोलनं चालूच होती, पण मला वाटत होतं की आपल्या गावाचं म्हणणं कागदावर यायला पाहिजे, ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासकट. २६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आली होती म्हणून ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, निर्यात हा केंद्राचा विषय आहे, आपल्या अखत्यारीत येत नाही, वरून विचारणा झाली तर मी काय सांगू?" मुद्दा खरा आहे, परदेशी व्यापार घटनेच्या केंद्र सूचीत येतो. पण मी म्हटलं, भाऊसाहेब, बंदी आपण कुठं उठवतोय, उठवा अशी मागणी करतोय, आणि मागणी करायला अखत्यार कशाला लागतो. अमेरिकेने १९६२ पासून क्यूबाबरोबरचा व्यापार बंद ठेवलाय, तो पण त्यांच्या केंद्राचाच विषय, तरी शिकागोच्या सिटी कौन्सिलने २०२१ मध्ये बंदी संपवा असा ठराव केलाच की. ते मोबाईलवर दाखवलं. त्यावर ते म्हणाले, लेखी अर्ज द्या.

इथे एक गोष्ट नीट सांगते, कारण बरेच ठराव इथेच अडकतात. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, ती निघायच्या आत अर्ज देऊन विषय विषयपत्रिकेवर घ्यायला लावायचा आणि अर्जाची पोच घ्यायची. "ऐनवेळचे विषय" मध्ये ढकलला तर तो शेवटी येतो, तोवर माणसं उठून शेतात गेलेली असतात, मग कोणीतरी म्हणतं पुढच्या सभेत बघू. आमचा विषय वरती आला. कोरमचं पण टेन्शन होतं, १५ टक्के किंवा १०० मतदार यातलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. आधी महिला ग्रामसभा झाली, तिथेच बायकांना सांगून ठेवलं की झेंडावंदन झालं की घरी जायचं नाही. कांदा लावणारी, काढणारी, कापणारी बाईच असते, तिने बोलायला नको का?

सभेत सगळं गोड झालं असं नाही. एका आबांना ठरावात सरकारला शिव्याच घालायच्या होत्या, दुसऱ्या एकाला पक्षाचं नाव टाकायचं होतं, दोन्ही नको म्हणून बराच वेळ गेला. पण खरा प्रश्न एका तरुणाने विचारला, म्हणाला गावातली ज्यांना जमीन नाही ती माणसं कांदा विकत घेऊन खातात, स्वस्त झाला तर त्यांचं बरंच की. क्षणभर कोणी काही बोलेना. मग मजुरीला जाणारी एक मावशी उभी राहिली, म्हणाली, "कांदा स्वस्त झाला तर माझे वीस रुपये वाचतील, पण मालकाने कांद्यात नांगर घातला तर माझा रोज बुडतो त्याचं काय?" त्यावर टाळ्या नाही वाजल्या, पण नंतर कोणी विरोध केला नाही. मी सूचक, त्या मावशी अनुमोदक. आम्ही मुद्दे थोडकेच ठेवले: बंदी ताबडतोब उठवा, ४० टक्के शुल्क परत लावू नका, आणि असे निर्णय रात्रीतून घेऊ नका, घ्यायचेच असतील तर लागवडीच्या आधी सांगा. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

ठरावाची नक्कल मिळायला मात्र फार फेऱ्या झाल्या, कधी इतिवृत्त लिहिलेलं नाही, कधी शिक्का नाही. तहसीलला आवक टेबलवरचे म्हणाले हे आमच्याकडे कशाला, मी म्हटलं पुढे पाठवा, पण आधी पोच द्या. खासदार, जिल्हाधिकारी, आणि दिल्लीला वाणिज्य मंत्रालयाला स्पीड पोस्टने प्रती पाठवल्या. आजूबाजूच्या गावातल्या लोकांनी आमचा मसुदा व्हॉट्सअॅपवर मागून घेतला, त्याचा मला जास्त आनंद झाला.

मार्चमध्ये बंदी उठेल म्हणून वाट बघत होतो तर २२ मार्चला पुढचा आदेश येईपर्यंत वाढवली. एप्रिलमध्ये गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली तेव्हा इकडे प्रचंड संताप झाला, आणि का होऊ नये? शेवटी ४ मे ला बंदी उठली, आमच्याकडे २० मे ला लोकसभेचं मतदान होतं. तरी ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावलंच, म्हणजे टन ७७० डॉलरच्या खाली बाहेर जाणार नाही. बंदी आमच्या ठरावामुळे उठली असं मी म्हणणार नाही. पण १५ ऑगस्टच्या सभेत शुल्काचा विषय घ्यायला भाऊसाहेबांनीच आठवण केली, जुना ठराव क्रमांक टाकून नवीन ठराव झाला. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं, किमान मूल्य काढलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्ण गेलं. लागवडीच्या आधी सांगा ही मागणी अजून तशीच पडून आहे, ती प्रत्येक ग्रामसभेत परत घ्यायची असं आमच्या गावात ठरलंय. कोणाला मसुदा पाहिजे असेल तर सांगा, देते.