मूड असेल तेव्हाच चालू होणारी गाडी आणि सहा दिवसांची ट्रिप

निघायच्या आधी सर्व्हिसिंग झालं होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी दुपारी पेट्रोल भरून चावी फिरवली आणि नुसतं 'टक्' झालं तेव्हा मला वाटलं माझाच क्लच नीट दाबला गेला नसेल. परत फिरवली, परत टक्. तिसऱ्यांदा काही झालंच नाही अशा थाटात सुरू. मग काय, विषय संपला म्हणून पुढे.

दुसऱ्या दिवशी घाट चढून वर थांबलो, वीस मिनिटांनी बघतो तर तेच. मेव्हणा म्हणाला बॅटरी गेली. मी पण काही न तपासता नवी बॅटरी टाकली आणि दोन दिवस गाडी एकदम शहाण्यासारखी वागली, त्यामुळे मेव्हण्याचा भाव वाढला. खरं तर बॅटरी गेली असेल तर सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारताना हेडलाईट एकदम मंद होतात, आमचे जसेच्या तसे लख्ख होते. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण मागे मुलं कंटाळलेली असताना डोकं कुठे चालतं.

चौथ्या दिवशी परत टक्. मेकॅनिककडे नेली तर तिथे दहापैकी दहा वेळा पहिल्या झटक्यात सुरू. तो म्हणाला साहेब, गाडीला काही झालेलं नाही. असल्या अधूनमधून येणाऱ्या फॉल्टमध्ये हाच ताप असतो, म्हणून तुमची गाडी असं करायला लागली तर ती सुरू करायची घाई करू नका, बंद आहे तीच पाच मिनिटं कामाची, एकदा सुरू झाली की पुरावा गेला. आम्ही मोबाईलवर लिहायला लागलो, इंजिन गरम की थंड, किती वेळ उभी होती, आवाज कसला आला, लाईट मंद झाले का. पाच नोंदींमध्ये दिसलं की सकाळी थंड असताना एकदाही त्रास नाही, जे काही ते गरम इंजिन पंधरा-वीस मिनिटं उभं राहिल्यावर.

आवाजावरून अर्धं काम होतं. टकटकटकटक असं भराभर वाजलं तर बहुतेक बॅटरी कमी नाहीतर टर्मिनल ढिलं. एकच टक् म्हणजे सेल्फ, त्याचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा स्विच) किंवा जाड वायरींपैकी कुठलीतरी. काहीच आवाज नाही तर क्लचचा स्विच, रिले (करंटवर चालणारा छोटा स्विच), इग्निशन स्विच बघा. आणि इंजिन छान फिरतंय पण पकडत नाही, हे प्रकरणच वेगळं, तिथे सेल्फला दोष देऊ नका, पेट्रोलचा पंप, स्पार्क किंवा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे गाडीला कळवणारा) बघा. हा सेन्सर पण गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाला की साळसूद. बऱ्याच गाड्यांमध्ये सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलला नाही तर संशय त्याच्यावर.

पाचव्या दिवशी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) घेतला. साधा चालतो. दुपारी टक् झालं आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, बायको चावीवर आणि मी बॉनेटमध्ये (फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवा, गाडी अचानक सुरू होऊ शकते). बॅटरीच्या दोन टोकांवर १२.५ व्होल्ट, चावी फिरवून धरली तरी १२.२. हे चांगलं लक्षण नाही बरं का, सेल्फ खरंच ओढत असेल तर व्होल्टेज दहा-अकरापर्यंत उतरतंच, साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी बघायची, पण इथे उतरतच नव्हतं म्हणजे पुरेसा करंट जातच नव्हता. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर लावली. चावी फिरवली तर सातच्या वर. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजे.

म्हणजे अर्थिंग, इंजिनपासून बॅटरीच्या मायनसकडे करंट परत जायची वाट, तीच खराब! जम्पर केबलची काळी वायर बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या बोल्टला लावली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू. नवी बॅटरी उगाच.

बॉडीपासून गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची विणलेली पट्टी असते, तिचा लग (टोकाची धातूची कडी) वरून ठीक दिसत होता, पण काढला तर खाली हिरवट बुरशीसारखं चढलेलं आणि अर्ध्या तारा तुटलेल्या. गरम झाल्यावर उरलेला संपर्क पण सुटत असावा. नवी पट्टी, दोन्हीकडची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत, बोल्ट घट्ट, अर्ध्या तासाचं काम.

लांब निघणार असाल तर जम्पर केबल, मीटर आणि टर्मिनलला बसणारा पाना (बहुतेक दहा नंबर) डिकीत टाकाच. अडकलात तर मॅन्युअल गाडी इग्निशन ऑन करून दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून सुरू होते, ऑटोमॅटिकला हा प्रयोग नको. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, तापून तो खरंच जाईल. आणि स्पॅनरने सेल्फ ठोकल्यावर गाडी सुरू झाली तर सेल्फच खराब असं लगेच धरू नका, आमची पण दोनदा ठोकून सुरू झाली होती आणि सेल्फ अजून तोच आहे.

परतीच्या वाटेवर अकरा वेळा थांबलो, अकराही वेळा सुरू झाली. तरी मेव्हणा प्रत्येक ठिकाणी उतार बघूनच गाडी लावायला सांगत होता.