आईंना उठता येईल अशी खुर्ची

"अगं, मला जरा वर काढ."

खुर्ची घरात येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. मस्टर्ड रंगाचं वेल्वेट, गोल पाठ, खाली फरशीपर्यंत बंद. फोटो बघून ऑनलाइन मागवलेली. सासूबाई हौसेने बसायला गेल्या आणि रुतल्याच. गुडघ्यांची तक्रार आहे त्यांची, पण एरवी बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतून कोणाच्या आधाराशिवाय उठतात. मी हात दिला, नवऱ्याने पाठीमागून रेटा दिला, तेव्हा कुठे सुटका झाली. खुर्ची परत गेली, नेण्या-आणण्याचे पैसे कापून बाकीचे मिळाले.

आमची कोथरूडची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली होती. नव्या घरातला हॉल ११ बाय १५ फुटांचा. तिघांचा सोफा भिंतीला, खिडकीपाशी दोन आर्मचेअर, एवढं ठरलेलं होतं. वाद झालाच तर रंगावरून होईल असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन बाल्कनीत गेले आणि ती प्लॅस्टिकची खुर्ची मोजली. बैठक जमिनीपासून १७ इंच, हात २६ इंचांवर. गंमत म्हणजे परत गेलेल्या खुर्चीच्या माहितीतही बैठकीची उंची १७ इंचच लिहिली होती. पण ती रिकाम्या खुर्चीची. माणूस बसला की मऊ फोम तीन-चार इंच दबतो आणि १७ चे १४ होतात. दुसरी गोष्ट आईंना उठताना नीट बघितलं तेव्हा कळली. त्या आधी पुढे सरकतात, टाचा मागे, बैठकीखाली घेतात, खुर्चीच्या हातांची टोकं धरतात आणि मग उठतात. आपणही असेच उठतो, फक्त लक्ष जात नाही. पुढून जमिनीपर्यंत बंद असलेल्या खुर्चीत टाचा मागे जायला जागाच नसते. आईंची ताकद कमी पडली नव्हती, खुर्चीने पाय अडवले होते.

पुढचे तीन रविवार दुकानांत गेले. आईंना बरोबर नेलं आणि प्रत्येक खुर्चीत चपला काढून बसायला लावलं. घरात आपण अनवाणी असतो, दुकानात जाड टाचेच्या चपलेत जमिनीला टेकणारे पाय घरी अधांतरी राहतात. "काकू, असू द्या चपला," असं विक्रेता म्हणाला की आई म्हणायच्या, "नाही हो, सूनबाईंचा हुकूम आहे."

सगळीकडे पांढरं बुक्ले होतं. ते गाठीगाठींचं, मेंढीच्या पाठीसारखं कापड. दिसतं छानच. पण आमच्या शेजारी दोन इमारतींची कामं चालू आहेत, दुपारपर्यंत टीपॉयवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते. त्यामुळे बुक्ले बाद.

खुर्ची उलटी करून दाखवा म्हटलं की काही दुकानदारांचा चेहरा पडतो. तरी मी म्हणायचे. खालचं काळं कापड जरा बाजूला केलं की आतले इलॅस्टिकचे पट्टे किंवा झिगझॅग स्प्रिंगा दिसतात. 'सॉलिड वूड' म्हणून सांगितलेल्या एका खुर्चीचे फक्त पाय लाकडाचे होते, बाकीचा सांगाडा प्लायचा.

नवऱ्याची अट भलतीच. मॅच बघताना त्याला मांडी घालून बसायचं असतं. त्याला जमिनीवर बसवून गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत मोजलं तर ३० इंच भरले. दोन हातांमध्ये एवढी जागा असेल तर ती आर्मचेअर कसली, बाकडंच की. शेवटी २२ इंचांवर तडजोड झाली. एक पाय वर, एक खाली.

मग एका दुकानात ती दिसली. विक्रेता तिला 'चंदीगड चेअर' म्हणत होता. १९५०च्या दशकात चंदीगड शहर उभं राहत होतं, तेव्हा शहराचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराचा चुलतभाऊ पिएर जान्नरे याने तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी साग आणि वेताचं फर्निचर केलं, त्यातल्या खुर्चीची ही नक्कल. पुढे त्या मूळ खुर्च्या भंगारासारख्या आवारांत पडल्या, लिलावात कवडीमोलाने गेल्या, आणि आज परदेशातल्या लिलावांत लाखांनी विकल्या जातात. आईंना या इतिहासाचं कौतुक नव्हतं. त्या म्हणाल्या, "आमच्या कचेरीत अशाच वेताच्या खुर्च्या होत्या." आणि बसल्या. पाठ फार कललेली नाही, हात सरळ पुढच्या टोकापर्यंत आलेले, खाली सगळं मोकळं. टाचा मागे गेल्या, टोकं धरली, उठल्या. परत बसल्या, परत उठल्या. मी टेप पर्समध्येच ठेवला.

दुकानाची गादी मात्र घेतली नाही, ती चार इंच जाड आणि लोण्यासारखी मऊ होती. आमच्या सोफावाल्याकडून ४० डेन्सिटीच्या, म्हणजे घट्ट फोमची दोन इंची गादी करून घेतली, वर राखाडी-हिरवं जाडंभरडं कॉटन, चेन लावून धुता येईल असं. खुर्ची लिफ्टमध्ये आडवी करून मावली, तिथे काही नाट्य झालं नाही.

वेत काही दिवसांनी सैल पडतो, हे दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. बुरुड आळीतल्या एका विणणाऱ्या काकांनी सांगितलं, खालच्या बाजूने ओल्या फडक्याने चांगला भिजवा आणि सावलीत वाळू द्या, वाळताना आपोआप ताणला जातो. एकदा करून बघितलं, ताणला गेला.

बाल्कनीतली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून देऊ म्हटलं तर आईंनी दिली नाही. तिच्यावर आता कुंडी आहे.

परवा मी अंघोळीला गेले होते आणि कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. घाईघाईने बाहेर आले तर गॅस बंद होता, खिडकीपाशी पेपर अर्धवट उघडा पडला होता आणि खुर्ची रिकामी.