एकाच खिशाचे दोन हिशोब

रविवार, रात्री उशिरा

आमच्या वयाच्या पोरापोरींना पैशाचं काही कळत नाही असं मोठी माणसं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. पंचविशीतच इमर्जन्सी फंड किती असावा यावरून तासभर भांडणारे मित्र आहेत माझे. आणि पर्यावरणाची काळजी तर सगळ्यांनाच आहे, स्टीलची बाटली प्रत्येकाच्या बॅगेत असतेच. पण पैशाचं बोलताना फक्त रिटर्न किती आणि पर्यावरणाचं बोलताना फक्त कुठली नवीन वस्तू घ्यायची, एवढंच चालतं. म्हणजे पृथ्वी वाचवायची तरी खरेदीच!

जुना टीशर्ट धडधाकट असताना ऑरगॅनिक कॉटनचा दुसरा घ्यायचा, हे मला कधी कळलंच नाही. कापूस पिकवण्यापासून धरलं तर एका सुती टीशर्टला साधारण २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे, आणि लेबल हिरवं असलं म्हणून पाणी लागायचं थांबत नाही ना. २००० ते २०१५ मध्ये जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं आणि एक कपडा टाकून देण्याआधी किती वेळा घातला जातो ते प्रमाण मात्र ३६ टक्क्यांनी घटलं. मला तर यात आधी पैसाच दिसतो. किंमत भागिले किती वेळा घातला, असा हिशोब केला की दोनदा घालून कपाटात कोंबलेला स्वस्तातला टॉपच सगळ्यात महाग निघतो.

फोनचं तर विचारूच नका. माझ्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकायला लागली तेव्हा सगळ्यांचा एकच सल्ला, नवीन घे, हप्त्यावर मिळतो, व्याज शून्य. सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ, म्हणजे नवीन असतानाच्या मानाने किती क्षमता उरलीये ते पाहिलं तर ७६ टक्के, बाकी फोनला काय धाड भरली होती? रिपेअरवाल्याने कडा गरम करून मागचं कव्हर सैल केलं, जरा फुगलेली बॅटरी हळूच उचकटून काढली, नवीन चिकटवली, झालं, फोन परत दिवसभर चालतोय. फोनमुळे होणारं बहुतेक कार्बन उत्सर्जन तो बनतानाच होऊन गेलेलं असतं, चार्जिंगची वीज त्यामानाने किरकोळ, त्यामुळे आहे तोच फोन आणखी दोन वर्षं ओढणं हाच मोठा उपाय. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला पाव हिस्सासुद्धा रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद नाही. आणि ते शून्य व्याज हप्ता चुकेपर्यंतच असतं हं. क्रेडिट कार्डावर महिना ३ टक्के व्याज ऐकायला बारीक वाटतं, पण काहीच भरलं नाही तर चक्रवाढीने दोन वर्षांत रक्कम दुप्पट.

बरं, वाचलेल्या पैशाचं पुढे काय? इथे भलेभले घसरतात. वर्षभर काटकसर करून त्याच पैशात लांबच्या विमानाची तिकिटं काढली की कार्बनच्या बाजूने मुसळ केरात. विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच मांडलं होतं, इंजिनं सुधारली, तेवढ्याच कामाला कोळसा कमी लागायला लागला, आणि एकूण खप उलट वाढला. म्युच्युअल फंडात टाकायचे म्हटलं तरी नावात 'ग्रीन' आहे म्हणून भुलायचं नाही, आत कुठल्या कंपन्या आहेत ती यादी वाचायची. कंटाळवाणं काम आहे, त्यावर कोणी रील बनवत नाही.

आणि हो, 'चांगलं, टिकाऊ घ्या' हे सांगायला सोपंय. टिकाऊ वस्तूला सुरुवातीलाच जास्त पैसे मोजावे लागतात आणि पहिल्या नोकरीत भाडं, शिक्षणाचं कर्ज भरून हातात उरतं काय? त्यामुळे स्वस्तातले बूट घेणाऱ्या मैत्रिणीला लेक्चर द्यायला माझी जीभ रेटत नाही.

खर्चाच्या शीटमध्ये एक कॉलम वाढवलाय, 'किती महिने चालली'. हेडफोनसमोर काय लिहू कळत नाहीये, डाव्या बाजूची वायर गेलीये पण आवाज अजून मस्त आहे. उद्या सोल्डर करून होतंय का बघते.