पाटोडी शाकाहारी, पण रस्सा?

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच लागला होता. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारण्यासाठी मी सकाळी साडेसहालाच उठले होते, त्यामुळे तो मेल उघडला तेव्हा घरात दुसरे कोणी जागे नव्हते. मेल अमेरिकेतून, माझ्या इंटर्नशिपच्या समन्वयक बाईंकडून आला होता आणि त्यात त्यांनी एका वाचकाचे पत्र पुढे पाठवले होते. नोकरीनिमित्त परदेशात राहणारा तो गृहस्थ नागपूरला येऊन गेला होता, शाकाहारी प्रवाशांसाठीच्या आमच्या यादीतील चौदाव्या क्रमांकाच्या सावजी भोजनालयात, म्हणजे झणझणीत मटण-रश्श्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या खानावळीत, जेवला होता आणि पाटोडी-रश्श्याच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या रश्श्याच्या, वाटीच्या तळाशी त्याला हाडाचा एक बारीक तुकडा सापडला होता. पत्रात राग फारसा नव्हता, प्रश्न मात्र एकच होता : ही नोंद करणाऱ्याने ते स्वयंपाकघर पाहिले होते काय?

नोंद मी केली होती आणि स्वयंपाकघर पाहिले नव्हते.

मी अन्नतंत्रज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. शाकाहाराचा प्रचार करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरबसल्या इंटर्नशिप करत होते. आठवड्याला दहा तास काम, आणि दर बुधवारी आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे त्यांच्याकडचे सकाळचे दहा वाजता व्हिडिओवर बैठक. पहिले दोन आठवडे वाचनात गेले. जिलेटिन हाडे व कातडी यांपासून बनते, काही चीजमध्ये दूध साकळवणारे, वासराच्या जठरातील रेनेट असते, ई-120 हा लाल रंग किड्यांपासून काढतात आणि ई-471 हे तेल-पाणी एकजीव ठेवणारे मिश्रक वनस्पतीपासून बनलेले की प्राण्यापासून, हे नुसत्या क्रमांकावरून कळत नाही, हे सगळे मी वहीत उतरवून घेतले होते. अंड्यावरून तर पहिल्याच बैठकीत माझा गोंधळ झाला होता, कारण संस्थेच्या व्याख्येत अंडी खाणारा माणूसही शाकाहारीच ठरतो आणि आपल्याकडे पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यात दूध बसते, मध बसतो, पण अंडे बसत नाही. बाईंनी ते ऐकून भारताच्या यादीवर तशी टीप जोडायला सांगितली तेव्हा मी मनातल्या मनात बरीच खूश झाले होते. किड्यांच्या रंगापर्यंत पोहोचलेली मी, घरापासून चार किलोमीटरवरच्या हंडीत काय शिजते हे मात्र फोनवरून ठरवून मोकळी झाले होते.

प्रवाशांसाठी नागपुरातील खाण्याच्या ठिकाणांची यादी करणे हे माझे मुख्य काम होते. तीन दुपारी बसून मी बावीस ठिकाणी फोन लावले. तक्त्यात ‘शाकाहारी पदार्थ’ असा एक रकाना होता आणि त्यात होय किंवा नाही एवढेच भरायचे होते. सावजी भोजनालये वगळून नागपूरची यादी करणे मला पटत नव्हते. शिवाय पाटोडीचा मला विशेष अभिमान होता. बेसन घट्ट शिजवून ताटात थापायचे, वर खोबरे, खसखस, कोथिंबीर भुरभुरायची, वड्या पाडायच्या आणि त्या काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात सोडायच्या. त्यात ना दूध ना तूप, म्हणजे दूधही वर्ज्य करणाऱ्या व्हिगन माणसाला ही वाटी डोळे मिटून द्यावी, असे मी तक्त्याच्या शेऱ्यात उत्साहाने लिहिले होते. डोळे मिटलेले कोणाचे होते, ते आता दिसतच होते.

आजी उठल्यावर मी तिला सारे सांगितले. आमच्या घरात रविवारी मटण शिजते आणि दोन वर्षांपूर्वी मी ते सोडले, याचे तिला अजूनही थोडे वाईट वाटते. तरीही तिने पहिला प्रश्न असा विचारला, की मी फोनवर नेमके काय विचारले होते. “तुमची पाटोडी शाकाहारी आहे का, असे विचारले,” मी म्हणाले. त्यावर ती हसली आणि म्हणाली, “पाटोडीले काहून इचारलं? रश्श्याले इचाराचं होतं नं.” आजीचे माहेर कोष्ट्यांचे, घरात हातमाग चालत आणि जवसाच्या तेलातला सावजी रस्सा तिने लहानपणापासून पाहिलेला. मी जेवणाची गर्दी ओसरल्यावर चार वाजता निघणार होते; तीही डोक्याला पदर गुंडाळून स्कूटरवर मागे बसली. उन्हाकडे बोट दाखवून मी तिला अडवून पाहिले, पण तिने ते मनावर घेतले नाही.

भोजनालय इतवारीकडच्या एका अरुंद गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत होते. पुढे चार टेबले, मागे चूल आणि गॅसच्या दोन मोठ्या शेगड्या. भांडी घासणे चालू होते. मालकीण काकूंना मी वाचकाचे पत्र मराठीत सांगितले. त्या रागावतील किंवा कानांवर हात ठेवतील अशी माझी अपेक्षा होती, पण त्यांनी पदराने कपाळ पुसले आणि स्टूल आजीकडे सरकवले. मग आजीने सूत्रे हाती घेतली.

“मसाला एकच का दोन?”

“मसाला एकच वाटतो, माय. हंड्या दोन हायेत.”

“अन् पळी?”

काकू क्षणभर थांबल्या. “बुधवार, शुक्रवार, आइतवारी गर्दी अशी राह्यते, का पळी कोण पाह्यते? अन् गिऱ्हाईकच म्हणते, पाटोडीवर मटणाची तर्री सोडा. ते नाई सोडली तं वाटी वापस येते.”

तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारा तो लालभडक तेलाचा थर. मटणाच्या हंडीवरच्या तर्रीत मटणाचा सगळा अर्क उतरलेला असतो, हे मला ठाऊक होते. ती पळीभर उचलून दुसऱ्या वाटीत जात असेल, हे मात्र माझ्या डोक्यातच आले नव्हते. मी जरा कडक सुरात म्हणाले, की मग फोनवर तुम्ही होय का सांगितले. काकूंचे उत्तर मी त्याच वेळी मोबाइलमध्ये टिपून घेतले : “तू पाटोडीचं इचारलं, बाई. पाटोडी तं बेसनाचीच असते. म्या खोटं काहून सांगू?”

त्या खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने ज्या पदार्थात मटणाची फोड नाही, तो पदार्थ मटणाचा नाही. आणि त्यांच्याकडे रोज जेवणाऱ्या बहुतेकांना हा हिशेब मान्य होता. बेसनाच्या वड्या ही तिथे मटण न खाणाऱ्याची सोय नव्हती, मटण खाणाऱ्याचाच तो आणखी एक आवडता पदार्थ होता. मी ज्या शब्दावर सारी यादी उभी केली होती, तो शब्द त्या स्वयंपाकघरात कोणी वापरतच नव्हते. तिथे बोलले जाणारे शब्द हंडी, पळी आणि तर्री हे होते.

गांधीजी लंडनमध्ये कायद्याचे विद्यार्थी असताना तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते, हे मी वाचनाच्या आठवड्यांत टिपून ठेवले होते. शाकाहारी उपाहारगृहांतही पुष्कळ पदार्थांत अंडे असे, त्यामुळे कशात ते आहे नि कशात नाही याची चौकशी करण्याचा अवघडलेपणा सोसावा लागे, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. मांसाच्या तीन व्याख्या त्यांच्यापुढे होत्या आणि मांस न खाण्याची शपथ आईसाठी घेतलेली असल्याने त्यांनी तिला जी समजली असती, ती धरली. सकाळी वहीत ते पान पुन्हा पाहिले तेव्हा मला स्वतःची लाज वाटली, कारण तो अवघडलेपणा टाळण्यासाठीच मी फोनचा मार्ग धरला होता, हे मला माझ्याशी तरी कबूल करावे लागले.

काकूंनी दोन्ही हंड्या उघडून दाखवल्या. आजीने, ज्या कामासाठी आलो ते बाजूला ठेवून, खुराचा रस्सा आहे का म्हणून चौकशी केली आणि डबा बांधून घेतला. शाकाहारी संस्थेच्या तपासणीवरून मी अशा रीतीने खुराचा डबा स्कूटरला अडकवून परतले. निघताना काकूंनी विचारले, “आता आमचं नाव काटशील का?” मला उत्तर देता आले नाही.

साडेसातच्या बैठकीत मी चूक आधी सांगितली आणि ती नोंद काढून टाकावी असे सुचवले. बाईंनी विचारले, बाकीच्या एकवीस नोंदी काय विचारून केल्या? तोच प्रश्न विचारून, हे सांगताना माझा आवाज उतरला. त्या ओरडल्या नाहीत. मटण शिजवणाऱ्या सर्व ठिकाणांच्या नोंदी त्यांनी माझ्यासमोरच तात्पुरत्या झाकल्या, वाचकाला माझ्या नावाने दिलगिरीचे पत्र लिहायला सांगितले आणि प्रश्न नव्याने तयार करायला लावले. होय-नाहीचा रकाना गेला. रश्श्याची हंडी वेगळी आहे का, वाढायची पळी वेगळी आहे का, वरून सोडायची तर्री कुठल्या हंडीतली, तळणीचे तेल कशाकशासाठी वापरतात, असे प्रश्न आले, आणि उत्तर देणाऱ्याचेच शब्द लिहून घ्यायचे ठरले. घरबसल्या इंटर्नशिपमध्ये घराबाहेर पडायची मुभा आहे का, हेही मी विचारून घेतले.

पुढचा आठवडा मी नऊ ठिकाणी प्रत्यक्ष गेले. तीन ठिकाणी हंडी आणि पळी दोन्ही खरोखर वेगळ्या होत्या, चार ठिकाणी काकूंसारखाच कारभार होता आणि दोन ठिकाणी मला दारातूनच परत पाठवले गेले. एकाने तर मी दुसऱ्यांच्या ताटात डोकावणाऱ्यांपैकी आहे असे सुनावले. त्याचा राग अगदीच निराधार नव्हता. अशी माणसे शहरात आहेत, आणि मी त्यांच्यातली नाही हे दोन मिनिटांत पटवून देणे कठीण होते.

चौदाव्या क्रमांकाची नोंद शेवटी राहिली, पण बदलून. इंग्रजी मजकूर पाहताना बाई ‘तर्री’ या शब्दापाशी अडल्या आणि त्याला प्रतिशब्द मागितला. ‘तेल’ म्हटले तर ते बाटलीतले वाटत होते आणि ‘मटणाचा अर्क’ म्हटले तर काकूंवर अन्याय होत होता. अर्धा तास खल केल्यावर आम्ही ‘तर्री’ तशीच ठेवली, तिचा अर्थ दोन ओळींत दिला, आणि खाली लिहिले : पाटोडी मागताना तर्री नको, आणि वेगळ्या पळीने वाढा, असे दोन्ही सांगावे, बुधवार, शुक्रवार व रविवारी दुपारी सांगूनही भरवसा धरू नये. ही ओळ मी काकूंना फोनवर वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “बराबर हाय. आइतवारी तं म्या पण नाई सांगू शकत.”