ईएफ 60 आला तरी हार्ट फेल्युअर? माझा अनुभव

आधी कबुली देतो, बीपीची गोळी मी कित्येक वर्षं डोकं दुखलं तरच घ्यायचो. वरचं 160-170 असायचं पण त्रास काहीच नव्हता ना. मग मागच्या पावसाळ्यात दोन जिने चढताना मध्येच थांबायला लागलं, मी म्हटलं वजन वाढलंय, मग रात्री आडवं झालं की धाप, एका उशीच्या तीन झाल्या, संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ उठायचा, तेव्हा कुठे बायकोने ओढत नेलं.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ (हृदय दर ठोक्याला भरलेल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) 60% आला आणि मी खूश, कारण आमच्या ऑफिसातल्या अटॅकवाल्याचा 30 होता. डॉक्टरांनी मात्र खालची ओळ दाखवली, हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत 14 मिमी, नॉर्मल साधारण 6 ते 10. मी म्हटलं सर, जाड म्हणजे ताकदवान ना, पैलवानाच्या दंडासारखं? ते हसले आणि स्वतःची मूठ घट्ट आवळून म्हणाले, हे मस्त आवळतंय, उघडतच नाहीये नीट.

हेच माझं हार्ट फेल्युअर. म्हणजे असं, वाढलेल्या प्रेशरविरुद्ध वर्षानुवर्षं पंप मारून स्नायू जाड झाला आणि कडकही, मग सैल होऊन रक्त भरून घ्यायचं त्याला जमेना, आणि ते प्रेशर मागे फुफ्फुसात जातं, म्हणून धाप. ईएफ फक्त भरलेल्यातलं किती टक्के बाहेर टाकलं ते सांगतो, पण मुळात भरलंच कमी तर 60 टक्के कशाचे! हे डोक्यात शिरायला मला दोन व्हिजिट लागल्या.

घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का तेही विचारलं, कारण काहींना ही जाडी आनुवंशिक असते. माझ्यात तसं काही नाही, सगळा बीपीचा प्रताप.

आता टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) रोज, लघवीची गोळी, आणि डापाग्लिफ्लोझिन. ही शुगरची ना, मला शुगर नाही, म्हणून मी मेडिकलवाल्याशी वाद घातला, तर ती हार्टसाठीपण देतात म्हणे. पहिला आठवडा नुसत्या बाथरूमच्या चकरा, पण दहा दिवसांत साडेतीन किलो पाणी उतरलं आणि मी एका उशीवर झोपलो.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. रोज सकाळी चहाआधी वजन, दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर फोन करायचा. गणपतीत वाढलं, मी मोदकांवर ढकलून मोकळा झालो, बायकोने सरळ डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर सांगितलं, लोणच्याची अर्धी बरणी संपलीये.