आमची वाटचाल: कुरळ्या पिसांच्या कोंबड्या आणि त्यांची साधी भावंडं

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. चोर्ला घाटातून गोव्याला जाणारा रस्ता जवळच आहे आणि निम्मं गिऱ्हाईक त्याच रस्त्यानं येतं. बाकीचं बेळगाव, निपाणी, धारवाड, कोल्हापूरकडचं. कुणी म्हणतं "ताई, जोडी द्या", कुणी कानडीत "अक्का, जोडी कोडी", म्हणजे तेच. मागणी एकच, कोंबडाही कुरळा पाहिजे आणि कोंबडीही कुरळी. नेमकी तीच जोडी आम्ही देत नाही. त्यापायी गिऱ्हाईक परत गेलंय, जातंय.

सुरुवात सासूबाईंच्या गावठी कोंबड्यांपासून झाली. अंडी विकायची, सणाला एखादा कोंबडा. धाकट्या दिरांनी हौसेनं रेशमी पिसांच्या सिल्की कोंबड्या आणल्या, त्या बघायला रस्त्यावरची माणसं थांबायला लागली आणि हौसेचा धंदा झाला. मग कुरळ्या पिसांचे फ्रिझल, डोक्यावर तुरा असलेले पॉलिश कॅप, ब्रह्मा आले. (ब्रह्मा आपल्याकडचीच ना, असं हमखास विचारतात. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं खरं, पण ही जात अमेरिकेत तयार झाली, शांघायहून नेलेल्या पक्ष्यांपासून.)

फ्रिझलचं पीस टोकाकडून उलटं, बाहेर वळतं. त्याला आई किंवा बाप, एकाकडून आलेला गुण पुरतो. दोघंही कुरळे असतील तर सरासरी चारातलं एक पिल्लू दोन्हीकडून तो गुण घेऊन येतं. त्याची पिसं इतकी वळतात की धड वाढतच नाहीत, हात लावला तरी मोडतात. पाठ उघडी पडते, अंगात ऊब राहत नाही, दाणा जास्त लागतो, हृदयावरही ताण येतो. आमच्याकडच्या पावसात अशा पिल्लाचे हालच. म्हणून कुरळ्या कोंबड्याखाली साध्या पिसांच्या कोंबड्या, नाहीतर उलट. त्यातून साधारण निम्मी पिल्लं कुरळी निघतात, निम्मी साधी.

ही साधी भावंडं कुणालाच नको असतात. दिसायला तलंग (तरुण कोंबडी) ती तलंगच, गावठीच्या शेजारी उभी केली तर वेगळं काही नाही. पण पुढच्या वर्षीची कुरळी पिल्लं तिच्याचमुळे धड निघणार. म्हणून चांगल्या बांध्याच्या साध्या तलंगा आम्ही आधी स्वतःला ठेवतो, मग विकतो. जोडी मागणाऱ्याला कुरळ्या कोंबड्याबरोबर अशीच तलंग देतो, वेगळ्या रक्ताची. कुणाला पटतं, कुणी "फसवताय काय" म्हणून वळतात.

सिल्कीचं गणित वेगळं. तिथं रेशमी पीस दोन्हीकडून यावं लागतं. गावठी कोंबडीवर सिल्की कोंबडा सोडला की पहिल्या पिढीत सगळी साध्या पिसांची पिल्लं येतात आणि पाळणारा म्हणतो, कोंबडा बनावट निघाला. बनावट काही नाही, गुण आत दडलेला असतो. कातडी काळी म्हणून कडकनाथ समजून नेणारेही भेटतात. त्यांना पायाची पाच बोटं मोजायला लावते. कडकनाथला चारच.

पण सिल्कीचं पीस पाणी अडवत नाही. साध्या पिसाच्या तंतूंना बारीक आकडे असतात, त्यांनी ते एकमेकांत अडकून सपाट राहतात. सिल्कीत ते आकडेच नीट होत नाहीत, म्हणून पीस कापसासारखं. भिजली की चिंब, आणि उडताही येत नाही. त्यामुळे बसायच्या दांड्या आमच्याकडे गुडघ्याच्या खाली, खाली भाताचं तूस, आणि पत्र्याला झड अडवायला तट्टे. ब्रह्माच्या पायांवर पिसं, तिला तर चिखल दाखवायचाच नाही. मात्र रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, सिल्कीसारखी कोंबडी नाही. सासूबाई अजून मशीनपेक्षा तिच्यावरच भरवसा ठेवतात, आणि वीज गेली की आम्हीही.

कोंबडा बदलला की तीन आठवडे त्या कप्प्यातली अंडी उबवायला घेत नाही. आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं, आणि मग वहीत बापाचं नाव चुकतं. प्रत्येक पक्ष्याच्या पायात नंबरचं कडं, वहीत आईबाप. सख्खी भावंडं एका कप्प्यात नाहीत.

लसीचा प्रश्न छोट्या धंद्याला जड जातो. मॅरेक्सची (कोंबड्यांना लुळं पाडणाऱ्या रोगाची) लस पहिल्याच दिवशी टोचावी लागते आणि हा रोग सिल्की, पॉलिशला लवकर धरतो. कुपी साधारण हजार पिल्लांची, कालवली की तासा-दोन तासांत संपवायची. आमची पिल्लं त्या मानानं मूठभर. म्हणून जवळच्या एका मोठ्या हॅचरीच्या तारखा बघून अंडी मशीनला लावतो, म्हणजे एकविसावा दिवस त्यांच्या टोचणीच्या दिवशी येतो आणि कुपी वाटून घेता येते. मानमोडीची (राणीखेतची) लस आठवड्याच्या आत घरीच, डोळ्यात थेंब.

पॉलिश कॅप कमीच ठेवतो. तुऱ्याखाली डोक्याची कवटी वर फुगलेली असते, काही पक्ष्यांत तिथलं हाड पूर्ण जुळलेलंच नसतं. गावठी कोंबडीनं तिथं चोच मारली की खेळ संपला. तुऱ्यामुळे वरचं दिसतही नाही. तिला स्वतंत्र कप्पा असेल तरच देतो.

उरलेल्या नरांचं काय, हे गोव्याची गिऱ्हाइकं दबकत विचारतात. सिल्कीत नर-मादी कळायलाच चार-सहा महिने जातात, आणि नर गरजेपेक्षा जास्त उरतातच. ते यात्रेच्या दिवसांत गावातच खपतात, खाण्यासाठी. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

जून ते सप्टेंबर पिल्लं देत नाही. नोंदणी गणपतीनंतर, पिल्लं दसऱ्यानंतर, आणि न्यायला येताना भोकांचा खोका आणावा.